गटार आमचं, ठराव कुणाचा?

दोस्तांनो, या अंकासाठी माझ्याकडं कविता मागितली होती. कागद घेऊन बसलो तर ओळीओळीत गटार यायला लागलं. प्रतीक वगैरे काही नाही, खरंखुरं गटार. पावसात तुंबणारं, ताईच्या उंबऱ्यावरून घरात येणारं, चुलीखालची वीट बुडवणारं. त्याला छंदात बसवायची लाज वाटली. म्हणून कविता फाडली आणि हे लिहितोय. हे भांडण आहे. आधी माझ्याशी, मग तुमच्याशी.

आपल्यात एक वाक्य फार फिरतं: ‘गटार, नळ, दिवाबत्तीचं राजकारण.’ म्हणताना नाक मुरडायचं असतं. नगरसेवक म्हंजे गटारवाला. आपल्याला व्यवस्था उलथवायची आहे, मग साला नळाला तोटी कुणी बसवावी? अभ्यासवर्गात हे वाक्य मी किमान पन्नासदा टाकलं असेल. टाळ्याही घेतल्या. टाळ्या देणारी पोरं सगळी तीन मजल्यांच्या वर राहणारी, नळ उघडला की पाणी येणारी. त्यातला एक मी. शिकलो, नोकरी लागली, वस्तीतनं उठलो, फ्लॅटमध्ये गेलो. ताई राहिली.

ताई म्हंजे माझी थोरली बहीण. मुंबईला चिकटून जी शहरं फुगलीत त्यांतल्या एका शहरात, रेल्वेरूळ आणि नाला यांच्या मधल्या पट्ट्यात तिचं घर आहे. शहराचं नाव, पक्षांची नावं मुद्दाम देत नाही. नाव दिलं की तुम्ही म्हणणार, हां, ते तसलेच आहेत. आणि आपण सुटलो.

ताई दहा वर्षं वस्तीत मरतेय. संडासाला दरवाजे नव्हते, ते तिनं बसवून घेतले. त्यासाठी अकरा अर्ज, दोन मोर्चे, आणि एकदा बायकांनी भरल्या बादल्या घेऊन साहेबाच्या केबिनबाहेर दुपारभर बसणं. नळाची लाईन आली ती अशीच. रेशनकार्डं, विधवांचे पगार, पोरांचे दाखले. तिच्याकडं एक लांब वही आहे, वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी. कुठल्या तारखेला कुठला अर्ज, कुणी घेतला, पोच दिली की नाही, पुढं काय झालं, सगळं त्यात. आमच्या चळवळीतल्या कुठल्याही कचेरीत असली वही मी पाहिलेली नाही. आमच्याकडं ठराव असतात, ते सभेतच राहतात.

२०२५ संपता संपता निवडणुका लागल्या. राज्यातल्या बऱ्याच महानगरपालिकांत वर्षानुवर्षं लोकांनी निवडलेलं कुणी नव्हतंच. मुंबईचं सभागृह ७ मार्च २०२२ ला संपलं. त्याआधीच, २०२० साली, काही शहरांची मुदत संपून गेली होती. प्रशासक बसला. चार चार, पाच पाच वर्षं शहराचा पैसा एका सहीवर खर्च झाला. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं दटावलं, तेव्हा हललं, आणि १५ जानेवारी २०२६ ला २९ महानगरपालिकांचं मतदान एका दिवशी झालं. मी विचारतो, त्या वर्षांत आपल्यातल्या कुणी एक मोर्चा काढला का, की आमच्या मताचा हक्क परत द्या म्हणून? संविधान धोक्यात आहे म्हणून आपण रोज ओरडत होतो. संविधानाचा ७४ वा बदल, शहरातल्या गरिबाला दारातलं सरकार देणारा, तो आपल्या नाकासमोर फ्रीजमध्ये ठेवला होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. कारण ते गटारवाल्यांचं प्रकरण.

ताईच्या प्रभागात एक जागा अनुसूचित जाती महिला अशी निघाली. ती माझ्याकडं आली. म्हणाली, ‘तू लिहितोस, बोलतोस. मला एक पत्रक लिहून दे.’ मी काय म्हणालो ऐका. म्हणालो, ‘ताई, कशाला या गटारीच्या राजकारणात पडतेस?’

ती काही बोलली नाही. चहा प्याली, कप विसळून ठेवला, गेली. पत्रक तिनं शेजारच्या दहावीतल्या पोरीकडनं लिहून घेतलं.

आता महाडला या. आपण दरवर्षी २० मार्चला जातो, तळ्याकाठी फोटो काढतो. पण ते तळं कुणाचं होतं, याचा विचार कधी केलाय? चवदार तळं नगरपालिकेचं होतं. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा म्हणून. बोले भंडारी समाजाचे, आपल्या कोकणी माणसांतले. तो ठराव सरकारी कागदात पडून राहिला असता. तो महाडपर्यंत पोचला, कारण महाडच्या नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ ला आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस. म्हंजे गावच्या सभागृहात कुणीतरी हात वर केला होता.

आणि तरी तीन वर्षं कुणी पाण्याला शिवलं नाही. का? ठराव कागदावर होता आणि माणसं भीतीत होती. म्हणून बाबासाहेबांना १९२७ च्या मार्चमध्ये हजारो माणसं घेऊन यावं लागलं. ओंजळ तळ्यात गेली तेव्हा कुठं तो १९२४ चा ठराव जिवंत झाला. इथपर्यंतचं सगळ्यांना पाठ आहे. यापुढचं आपण गाळतो. ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच महाड नगरपालिकेनं तो ठराव मागं घेतला. त्याच सभागृहात, तशाच हात वर करण्यानं. आपली माणसं रस्त्यावर होती, सभागृहात नव्हती. त्यापुढं २५ डिसेंबरची दुसरी परिषद, मनुस्मृतीचं दहन, मग कोर्ट, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीला कायद्यानं मान्यता मिळायला दहा वर्षं. हायकोर्टात सवर्णांचं म्हणणं टिकलं नाही, कारण अस्पृश्यांना तळ्यावर बंदीची अनादी रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही; आणि तळंही त्यांच्या बापजाद्यांचं ठरलं नाही, नगरपालिकेचं ठरलं.

म्हंजे आपल्या लढ्याचा पहिला दगड नगरपालिकेच्या आवारात बसवलेला आहे. आणि तुम्ही मला सांगता, नगरपालिका म्हंजे किरकोळ.

बाबासाहेबांना स्थानिक सत्तेचं कौतुक नव्हतं, हे मला माहीत आहे. गावगाड्याला त्यांनी घटनेचा पाया होऊ दिलं नाही. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयक आलं तेव्हा ते तुटून पडले, कारण गावकीच्या हातात सत्ता म्हंजे वेशीबाहेरच्या माणसाच्या गळ्यात दोरी. पण तिथंही त्यांनी मागितलं काय? आमच्या माणसांना त्या पंचायतीत राखीव जागा द्या. गावावर विश्वास नव्हता, म्हणूनच गावच्या सत्तेत पाय हवा होता. आपण त्यातला अविश्वास तेवढा उचलला आणि पाय मागं घेतला.

५ जानेवारी. ही तारीख पुन्हा एकदा येते. महाडच्या ठरावाला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ५ जानेवारी १९७४ ला, वरळीच्या बीडीडी चाळीत पँथरची सभा होती. मध्य-दक्षिण मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक होती. पँथरनं बहिष्कार पुकारला होता. सभेवर दगड आले, दंगल पेटली, चाळीचाळीत पोलीस घुसले. १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव गेला. वरनं टाकलेल्या पाट्यानं. माझा बाप त्या वेळी बीडीडीत राहायचा, एकवीस वर्षांचा. त्याच्या डाव्या भुवईवर खूण होती. दारू प्यायला की बोट ठेवून दाखवायचा, न पिता कधीच नाही.

त्या बहिष्काराला मी नावं ठेवणार नाही. बावडा, ब्राह्मणगाव ताजं होतं. सरकार मुकाट होतं. वस्तीनं ठरवलं, मत नाही. आणि काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. ते मत न देणं अख्ख्या चाळीनं मिळून दिलेलं मत होतं. घरोघर फिरून, जिने चढून, रक्त सांडून उभं केलेलं. आज तुम्ही मतदानाच्या दिवशी सुट्टी बघून अलिबागला जाता आणि त्याला बहिष्कार म्हणता! लेको, बहिष्काराला पण वस्ती लागते.

अजून एक सांगतो. ज्यांचं नाव आपण घेतलं ते अमेरिकेतले काळे पँथर. त्यांचे बंदुकीचे फोटो आपल्या भिंतींवर असतात. त्यांनी जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडला काय सुरू केलं? शाळेत जायच्या आधी पोरांना फुकट नाश्ता. मग दवाखाने, मग धान्याच्या पिशव्या. आणि इकडं आपल्या बहिष्काराच्या आदल्याच वर्षी, १९७३ साली, त्यांचा अध्यक्ष बॉबी सील ओकलंडच्या महापौरपदाला उभा राहिला. कोट घालून, बसमध्ये चढून मतं मागत. दुसऱ्या फेरीपर्यंत गेला आणि पडला. पण त्या निमित्तानं मतदारयादीत चढवलेली माणसं यादीतच राहिली, आणि १९७७ ला त्या शहरात लायोनेल विल्सन हा पहिला काळा महापौर झाला. बंदुकीचं पोस्टर आपण मागवलं, मतदारयादी तिकडंच राहिली. त्या चळवळीतही शेवटी फाटाफूट, अहंकार, सगळं झालं. ते आपण न मागवताच आलं.

आता रेडी.

ताईला जातीचा दाखला होता, पण राखीव जागेला जातपडताळणी लागते. निदान समितीकडं अर्ज केल्याची पोच तरी जोडावी लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा. आजा मुंबईला आला वेंगुर्ल्याहून बोटीत बसून, हातात ट्रंक सुद्धा नव्हती. तो शाळेत गेलाच नव्हता, तर दाखला कुठून असणार? म्हणून जायचं गावाला. ताई म्हणाली, निदान एवढं कर. एवढं केलं.

सावंतवाडी स्टेशन, तिथनं शिरोडा, शिरोड्याहून रेडी. शिरोड्याचं मिठागर रस्त्यात लागतं. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव. मीठ उचललं ते पुस्तकात मोठ्या टायपात आहे. त्याच कोकणात तीन वर्षं आधी पाणी उचललं होतं, ते कितव्या पानावर येतं बघा.

रेडी म्हंजे सिंधुदुर्गाचं शेवटचं टोक. यशवंतगडाची ढासळलेली तटबंदी, बंदर, लोहखनिजाच्या खाणी, लाल माती. पुढं तेरेखोल, की लागला गोवा. १९७६ साली खाणीत खणताना गणपती सापडला. दोन हातांचा. आता त्याला बघायला लांबलांबनं गाड्या येतात. माझी तक्रार नाही, माणसांनी यावं, नारळ-फुलं विकणाऱ्याचं पोट चालतं. माझ्या मनात एवढंच आलं की याच मातीत आमचा आजा कुठंतरी आहे, त्याला शोधायला आम्ही आलोय आणि आमच्याकडं पोकलेन नाही.

आजा सापडला. तालुक्याच्या कचेरीत, गाव नमुना नंबर १४, जन्ममृत्यूची वही. जुनी पानं मोडीत. मोडी वाचणारा एक म्हातारा मिळाला, त्यानं बोट ठेवत ठेवत काढून दिलं. तारीख, बापाचं नाव, आणि पुढं जात: महार. तिथल्या कारकुनानं चहा पाजला, नक्कल वेळेवर दिली, हेही लिहितो, कारण शिव्या देताना आपण हे विसरतो.

त्या एका शब्दाकडं मी कितीतरी वेळ बघत होतो. हा शब्द टाकण्यासाठी १४ ऑक्टोबर १९५६ झाला. हा शब्द वाडीच्या पाटीवरनं काढण्यासाठी २०२० च्या डिसेंबरात सरकारनं निर्णय घेतला, जातीची नावं वस्त्यांना राहणार नाहीत म्हणून. आणि शहराच्या सभागृहात जायचं तर हाच शब्द नातीनं शोधून, शिक्का मारून, तीन प्रतींत जोडायचा. ज्यांना हा विनोद वाटतो त्यांनी हसावं. मला त्या वहीत आजा हात जोडून उभा दिसला.

काकी बौद्धवाडीत राहते. ऐंशीच्या पुढं. माशांचं कालवण केलं, भाताचा डोंगर वाढला आणि समोर बसली. म्हणाली, ‘चेडू म्हणे निवडणुकीक उभा रवला?’ म्हटलं, होय. ‘कित्याक?’ म्हटलं, गटार, पाणी, संडास असलं काय काय. माझ्या आवाजात ते नाक मुरडणं आलं असणार. कारण काकी वाढायची थांबली.

‘चेडू गटारात उभा रवला. तू खंय उभो आसस रे मेल्या?’

मी म्हटलं, काकी, मी चळवळीत आहे. लिहितो.

‘लिवतंस, तां बरा. पण तिचो कागद कोणी लिवलो?’

म्हंजे ताईनं फोनवर सगळं सांगितलेलं होतं. मी भात खाली घातला, तोंड वर केलं नाही.

परत आलो आणि कायदा वाचला. नुसता रागावून उपयोग नव्हता. मुंबई सोडली तर बाकी महानगरपालिकांत यंदा बहुतेक चार-चार सदस्यांचा प्रभाग होता. एक मोठा पट्टा, चार जागा, मतदारानं चार बटणं दाबायची. दिसायला फार लोकशाही. करतं काय? आमची वस्ती पूर्वी एका छोट्या वॉर्डात जड होती. नगरसेवकाला तिच्या दारात यावंच लागायचं. आता ती चौपट पट्ट्यात मिसळली, बाजूला टॉवर, पलीकडं बंगले. राखीव जागा आमची, पण ती भरणारी मतं त्यांची. वस्तीनं एकजुटीनं ताईला दिलं तरी बाकीच्या पट्ट्यात तिला कोण ओळखतंय? तिथं चिन्ह ओळखतात. आणि चिन्ह कुणाला द्यायचं ते पक्षाच्या कचेरीत ठरतं. राखीव जागेला पक्षाला असा दलित लागतो जो आमच्यात ओळखीचा नाही आणि त्यांच्यात अडचणीचा नाही.

हे ओळखीचं वाटतंय ना? २४ सप्टेंबर १९३२. पुणे करार. जागा १४८ मिळाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेला. तरी त्या करारात निदान एक गोष्ट होती. राखीव जागेसाठी आधी आमचेच मतदार चार उमेदवारांचं पॅनेल निवडणार, मग त्यांतला एक सगळे मिळून. ती तरतूद दहा वर्षांचीच होती, ती संपली. आता पॅनेल चौघांचंच आहे, फक्त चौघं निवडणारे आम्ही नाही. हा पुणे करार दर वॉर्डात पुन्हा पुन्हा होतोय आणि आपण २४ सप्टेंबरला धिक्काराची पोस्ट टाकून झोपतो.

दुसरा शब्द बघा: बिनविरोध. या महापालिकांच्या वेळी राज्यात साठाहून जास्त जागा मतदानाच्या आधीच बिनविरोध निघाल्या. लाखो माणसांच्या शहरात समोर उभं राहायला माणूस मिळाला नाही म्हणे. हा शब्द गावाकडनं आलाय. गावात बिनविरोध म्हंजे देवळात बसून ठरलं, आणि वाडीला निरोप गेला, गावात भांडण नको. २०२१ च्या जानेवारीतल्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी नाशिककडच्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला. उमराण्यात बोली कोटींच्या घरात, पैसा देवळाच्या कामाला. निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. ती उघडकीला आली म्हणून. देवाच्या नावानं बोली लागते तिथं आमची काकी काय बोलणार? आणि जो बोलतो त्याचं काय होतं, ते मदुराई जिल्ह्यातल्या मेलवळवूला विचारा. पंचायत राखीव झाली, मुरुगेसन अध्यक्ष निवडून आला, आणि ३० जून १९९७ ला भर रस्त्यात त्याला आणि त्याच्या पाच साथीदारांना तोडलं. त्याच जिल्ह्यात पाप्पापट्टी, कीरिपट्टीला दहा वर्षं राखीव पंचायत चालूच दिली नव्हती. किरकोळ खुर्चीसाठी कुणी सहा माणसं मारतं का? जातवाल्याला नीट कळतं की गावची, वॉर्डाची खुर्ची किती मोठी आहे. कळत नाही ते आपल्याला.

आता आपले नेते. ताई सगळ्या गटांच्या दारात गेली. निळा झेंडा असलेल्या प्रत्येक. एका ठिकाणी सांगितलं, आमची युती आहे, ती जागा त्यांना सुटली. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, खर्च किती करणार? तिसऱ्या ठिकाणी नेते भेटले नाहीत, नेत्यांचा भाचा भेटला. त्यानं ताईची वही चाळली आणि म्हणाला, छान काम आहे, आमच्याकडं महिला आघाडीत या. दहा वर्षांचं काम आणि महिला आघाडी! पी. टी. बोराळे १९५९ साली मुंबईचे महापौर झाले तेव्हा चाळीचाळीतनं माणसं उभी होती, शाखा होत्या, वर्गणी होती. आज शाखेची पाटी आहे, आणि पाटीखाली पानवाला बसतो. नेत्याला एक आमदारकी, एक महामंडळ मिळालं की वस्तीचा हिशेब पुरा. हे लिहिलं की आपले लोक म्हणतात, घरातलं धुणं रस्त्यावर धुतोस. अरे, आमच्या वस्तीत धुणं रस्त्यावरच धुतात. नळ तिथंच आहे.

ताई अपक्ष लढली. चिन्ह मिळालं शिट्टी. लहान पोरं दिवसभर शिट्ट्या फुंकत फिरली. शेवटच्या चार दिवसांत मी गेलो. उशिरा गेलो, पण गेलो. बायका फिरत होत्या, त्यांना भाषण येत नव्हतं. त्या एकच विचारायच्या, ‘संडासाला दार कुणी लावलं?’ बस. मी माझं भाषण खिशातच ठेवलं.

मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत पाकिटं आली. कुणाची ते सांगत नाही, एकाहून जास्त रंगांची होती. काहींनी घेतली. माझा संताप झाला, मी एका म्हाताऱ्याला बोललो, ‘बाबा, बाबासाहेबांनी दिलेलं मत विकता?’ म्हातारा शांतपणे म्हणाला, ‘पोरा, पाच वर्षांत माझ्याकडं कोण आलं? हे निदान रात्री तरी आले.’ याला उत्तर अभ्यासवर्गात नाही. ताईनं त्याला काही म्हटलं नाही. सकाळी त्याला हात धरून केंद्रावर नेलं. त्यानं कुणाला दिलं, तिनं विचारलं नाही.

ताई पडली. वस्तीतल्या पेट्यांवर ती पुढं होती, टॉवरच्या पेट्या उघडल्या आणि बुडाली. अनामत गेली. जी बाई त्या राखीव जागेवर आली ती आमचीच, जातीची. तिला मी शिव्या देणार नाही. ती सभागृहात बोलेल की बोट वर करायला सांगितलं की करेल, ते दिसेल. ताई म्हणाली, ‘ती बाई पण कुणाची तरी लेक आहे. तिच्याकडं अर्ज घेऊन जाऊ. सही नाही केली, मग बादल्या आहेतच.’

तर दोस्तांनो, तुम्हाला माझं सांगणं साधं आहे आणि ते ऐकून तुम्ही चिडाल. आपल्या वॉर्डाचा नंबर सांगा. आपल्या प्रभागाच्या राखीव निधीतनं गेल्या वर्षी काय झालं सांगा. आपल्या मतदारयादीत आपल्या गल्लीतली किती नावं गळालीत सांगा. फ्रान्झ फॅनन नंतर. २००५ पासनं माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज. आपल्यातल्या किती पोरांनी वस्तीच्या निधीचा हिशेब मागितलाय? मी स्वतः फेब्रुवारीपर्यंत एकदाही नाही. वस्ती सुटली की वस्तीचं दुःख आपण साहित्यात वापरतो आणि वस्तीचा अर्ज लिहायला दहावीतली पोर पुरे, असं धरून चालतो. ती पोर आपल्यापेक्षा बरं लिहिते. पत्रकात तिनं एकही विशेषण वापरलं नव्हतं. तारखा होत्या.

आणि ज्यांना वाटतं की निवडणूक म्हंजे विकलं जाणं, त्यांना महाडचा तो ४ ऑगस्ट १९२७ पुन्हा दाखवतो. आपण तळ्यावर होतो आणि आत ठराव फिरला. आत जाऊन बसलेले बाहेरच्यांना विसरतात हे खरं, त्याची उदाहरणं मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत. म्हणून बाहेर वही लागते, बादल्या लागतात. ताई निवडून आली असती तरी बायकांनी तिच्या दारात बादल्या आणल्या असत्या, आणि तिला ते हवं होतं. दोन्ही पाय लागतात रे. एका पायावर उभं राहून आपण पन्नास वर्षं दुसऱ्या पायाला शिव्या देतोय.

निकालानंतर आठव्या दिवशी रुळाजवळची लाईन फुटली. पहाटे चार बायका उठल्या आणि हंडे घेऊन सरळ ताईच्या दारात. पडलेल्या ताईच्या. मी त्या रात्री तिथंच झोपलो होतो. तिनं दिवा लावला, वही काढली, पेन माझ्याकडं सरकवलं. म्हणाली, ‘लिही. प्रति, प्रभाग अधिकारी. विषय...’ मी लिहायला लागलो, दोन ओळी झाल्यावर तिनं वाचलं आणि म्हणाली, ‘एवढं मोठं नको. किती वाजल्यापासनं पाणी वाहतंय ते लिही.’

पोच दुपारी मिळाली. अजून लाईन जोडलेली नाही. पुढच्या रविवारी संध्याकाळी सातला तिच्या दारात बैठक आहे, सगळ्या गल्ल्यांची मतदारयादी तपासायची आहे. सहा गल्ल्या आहेत आणि वाचणारे आम्ही तिघं. ज्यांना यायचंय त्यांनी या पत्त्यावर नको, मला विचारा. येताना स्वतःचं पेन आणा.